बैठकीची शुद्धी

शुद्धीचा विचार निघाला की आपणां सर्वांस पहिली आठवण होते ती पाण्याची. भांडे घासावे, वस्त्र पिळावे, उंबरठा धुवावा, हे वळण लहानपणीच अंगी मुरलेले असते. परंतु काही वस्तू पाण्याने शुद्ध न होता बिघडतात, ही गोष्ट आम्हांस नीट उमगली ती इंदूरच्या सांवेर रोडवर बिऱ्हाड केल्यानंतर.

हा रस्ता इंदूरहून सांवेरमार्गे उज्जैनकडे जातो. त्याच्या कडेने कारखान्यांची मोठी वसाहत आहे. मालमोटारींची वर्दळ सतत चालू असते. त्यातच माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात तिची पिठासारखी धूळ होते व पावसाळ्यात चिखल. अशा ठिकाणी दाराशी काथ्याचे पायपुसणे, बैठकीस तागाचा गालिचा, भजनास सुती सतरंजी आणि देवासमोर लोकरीचे आसन एवढा आमचा संसार. चौघांची जात वेगळी, म्हणून सेवाही वेगळी.

काथ्या, ज्याला कोकणीत काथो म्हणतात, तो तर आपल्या किनाऱ्याचाच. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजवून हा धागा काढतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ही म्हण याच धाग्याच्या दोरीवरून आली. १८५९ साली केरळातील आलप्पुळा येथे काथ्याच्या चटयांचा कारखाना निघाला आणि किनाऱ्यावरची ही घरगुती वस्तू परदेशांतील उंबरठ्यांवर जाऊन पोहोचली. काथ्यात लिग्निन नावाचे काष्ठद्रव्य पुष्कळ असल्याने ओलाव्यास तो सहसा दाद देत नाही. पायपुसणे उलटे करून आपटावे, उन्हात टाकावे, एवढ्याने त्याचे भागते.

ताग मात्र फार हळवा. तो पाणी भराभर शोषतो, भिजला की दुबळा होतो, आणि सावकाश वाळू लागला की आतील रंगद्रव्य धाग्याच्या टोकाशी येऊन तपकिरी डाग पडतात. कडक उन्हात फार वेळ ठेवल्यास पिवळा पडतो, तो वेगळाच. त्याची धूळ कोरडीच काढावी. काही सांडल्यास कोरडे सुती फडके दाबून, डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपावे, घासू नये. समईचे तेल सांडले तर त्यावर बेसन पसरून काही तास ठेवावे व मग झटकावे. कुंकू सांडल्यास प्रथम पाणी लावूच नये. कोरडेच झटकून काढावे.

सतरंजी तेवढी पाण्याची मैत्रीण. कापूस ओला झाला की उलट बळकट होतो. थंड पाण्यात धुवावी व रंगासाठी सावलीत वाळवावी. हळदीच्या डागास साबण लावला की तो लाल होतो, हे आपल्या घरोघरच्या बायकांस ठाऊक आहे. तोच डाग उन्हात ठेवला की फिकट होत जातो. लोकरीस गरम पाणी व धुण्याचा सोडा दोन्ही वर्ज्य. तिचा खरा वैरी कसर. तिच्या अळ्या अंधारात, न हलविलेल्या जागी वाढतात. म्हणून आसन अधूनमधून उचलून वारा द्यावा. आपल्या घरांतून धाबळी रोज न धुताही सोवळ्यास चालते. त्या रूढीत लोकरीच्या स्वभावाची जाण आहे, असे आम्हांस वाटते.

एका वर्षी नवरात्राच्या तोंडावर आमच्या भजनाच्या खोलीतील तागाचा मोठा गालिचा धुलाईस दिला गेला. तो परत आला तेव्हा कडा तपकिरी झाल्या होत्या व पोटात कुबट वास बसला होता. मंडळात लगेच सूचना निघाली की हा टाकावा आणि प्लॅस्टिकची चटई आणावी. ओल्या फडक्याने पुसली की काम झाले. सूचना सोयीची होती, तिची थट्टा करण्याचे कारण नव्हते. काम करणारे हात थोडे आणि धूळ अपार. परंतु दोन तास मांडी घालून बसणाऱ्या वृद्धांनी सांगितले की प्लॅस्टिकवर उन्हाळ्यात घाम साचतो व थंडीत गारठा लागतो. शिवाय ती फाटली की पुढची पुष्कळ वर्षे तो कचरा कोणाच्या तरी शेतात पडून राहणार. अखेर गालिचा दोन बाजूंनी वारा लागेल असा टांगून पूर्ण वाळविला. डाग राहिले, वास गेला. त्यावर सतरंजी अंथरली, आणि दर शनिवारी दोन मुलांनी तो बाहेर नेऊन काठीने झोडपावा असे ठरले.

प्रथम मुलांस ते ओझे वाटले. आता त्यांनाच गालिच्याचा पोत, त्याची विरलेली जागा व सुटलेला टाका ठाऊक आहे. टाका सुटलेला दिसला की सुई आणावयास तीच धावतात. नवी वस्तू आणून ही जवळीक मिळाली नसती. वाचकांस विनंती एवढीच की आपल्या देवळातील, घरातील बैठक मळलेली दिसली तर बादली भरण्यापूर्वी तिचा धागा बोटांत धरून पाहावा. पाऊस सरून अश्विनाचे कोरडे ऊन पडू लागले की या कामास आरंभ करणे उत्तम.