डोलवलीचं तिकीट

आम्ही काडेपेट्यांची आगगाडी केली की तिला मागूनही इंजिनं जोडायचो. कर्जतच्या पोरांना वेगळी गाडी ठाऊकच नव्हती. पुण्याकडे निघालेली गाडी इथे थांबणार, तिला बँकर, म्हणजे मागून रेटणारी इंजिनं, लागणार आणि मगच ती बोरघाट चढणार, हे रोज डोळ्यांसमोर घडायचं. ओट्याच्या पायरीला फळी टेकवून आमचा घाट तयार व्हायचा. एक जण पुढून दोरा ओढायचा, दुसरा मागून बँकर रेटायचा आणि तोंडाने शिट्टी द्यायचा.

नातवाकडे आता बॅटरीची गाडी आहे. रूळ, सिग्नल, इंजिनाला दिवा, सगळं देखणं. "ही कुठे चालली रे?" विचारलं, तर म्हणाला, "कुठे नाही, फिरतेय." आमची काडेपेट्यांची गाडी मात्र दर खेपेला लोणावळ्यालाच जायची.

मला जमवायचं वेड लावलं ते तिकिटांनी. काका खोपोलीला राहायचे. बुकिंगच्या खिडकीत पुठ्ठ्याचं लहानसं जाड तिकीट लोखंडी यंत्रात सरकवलं की खट्कन आवाज व्हायचा आणि तारीख उठायची. शाई पुष्कळदा फिकी असे, पण दाब बोटाला लागायचा. उतरल्यावर ते द्यावं लागे. मी तिकीट कलेक्टरांपुढे घुटमळत उभा राहायचो. कधी ते हसून परत देत, कधी नाही. कर्जतनंतरची पळसदरी, केळवली, लौजी आणि खोपोली ही चार तिकिटं माझ्या बिस्किटांच्या डब्यात आहेत. मधल्या डोलवलीचं कधी मिळालंच नाही.

कर्जत-खोपोली हा फाटा साधा नाही. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत आली, पण घाटातला मार्ग १८६३ साली पुरा झाला. तोवर पुण्याला जाणारे खोपोलीला उतरून पालखीने, घोड्यावरून घाट चढत. आता तिकीट मोबाइलवर येतं. रांग वाचते, हे कबूल. डब्यात ठेवायला मात्र काही उरत नाही.

नेरळच्या छोट्या गाडीची गोष्ट वेगळी. १९०७ साली पीरभॉय घराण्याने माथेरानपर्यंत दोन फुटी रूळ नेले. जर्मनीहून आणलेल्या चार वाफेच्या इंजिनांची टोकाची चाकं वळणावर बाजूला सरकत, म्हणून ती अरुंद वळणं त्यांना जमत. शिट्टी ऐकून डब्याडब्यावरचे ब्रेकवाले हाताने ब्रेक आवळायचे. वाफ गेली, डिझेल आलं. २६ जुलै २००५च्या पावसाने मार्ग वाहून गेला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. आमच्या तालुक्यात खेळण्यातली वाटावी अशी खरी गाडी अजून धावते, याचा मला फार अभिमान आहे.

नातवाला पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालयही दाखवलं. १९९८ पासून ते खुलं आहे. तिथे तो दीड तास हलला नाही. घरी आल्यावर त्याने गाडीला रिकामं खोकं जोडलं. म्हणाला, "आजोबा, हा बँकर."

तुमच्याकडे आजोबांची ट्रंक असेल तर रद्दीत काढण्याआधी तळ पाहा. पुठ्ठ्याचं तिकीट सापडलं तर कोण, कशासाठी गेलं होतं ते पेन्सिलीने मागे लिहून ठेवा. आणि त्यावर डोलवली छापलेलं असेल तर मला नुसतं बघायला तरी द्या.