तेल ओतून तो थांबला नाही



आजाऱ्यांची भेट घेणे हे दयेचे कार्य आहे, असे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवतो. त्या भेटीत प्रार्थनेइतकीच उघड्या डोळ्यांचीही गरज असते.

बेळगावातल्या आमच्या धर्मग्रामातील एका बंधूंचे गालाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. तंबाखू-गुटख्याने आपल्या भागात कितीतरी घरांवर ही वेळ आणली आहे. अशा ऑपरेशनमध्ये बहुधा मानेतल्या गाठीही काढतात. अमेरिकेतील डॉ. क्राइल यांनी 1906 साली मांडलेल्या पद्धतीत गाठींबरोबर मानेतली मोठी शीरही काढली जाई. डोक्याकडचे रक्त हृदयाकडे परत नेणारी ही शीर आता शक्य तिथे वाचवतात. पण वाचवलेल्या शिरेलाही ऑपरेशनचा धक्का बसलेला असतो. भोवती सूज असते, कधी जखमेत पू होतो, आणि कर्करोगात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठते. म्हणून तिच्यात कधी कधी रक्ताची गुठळी होते. पुष्कळदा ती कळतही नाही. कधी मान सुजते, दुखते, ताप येतो.

या बंधूंची मान घरी आल्यावर आठवड्याने एका बाजूला फुगली. बोलता येत नव्हते, वहीत लिहिले, "ठणकतंय." शेजारच्या मावशी तेल कोमट करून चोळायला आल्या. त्यांची माया खरी होती. वहिनींनी आम्हांला विचारले, "सर, चोळू दे काय?"

आम्ही म्हणालो, "नको वहिनी, हात लावू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे आत्ताच जाऊया."

डॉपलर सोनोग्राफीत गुठळी दिसली. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीवावर बेतते. पोटावर इंजेक्शने सुरू झाली, मग रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या. त्या मनाने बंद करायच्या नाहीत, वाढवायच्याही नाहीत. कुठून रक्त आले तर लगेच कळवायचे.

प्रभूच्या दाखल्यातील शोमरोनी माणसाने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला. पण तेल ओतून तो थांबला नाही. जखमी माणसाला त्याने स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, खर्च दिला आणि परत येण्याचा शब्द दिला.

तेव्हा भेटीला जाल तेव्हा मानेकडे पाहा, विचारा. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, तर सकाळची वाट पाहू नका, गाडी काढा.

काही शिरा पुन्हा वाहत्या होतात, काही होत नाहीत. आमच्या बंधूंची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. त्यांना प्रार्थनेत आठवा. आमेन.