डोकं करमुक्त, पोट करपात्र

बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजल्यामुळे नातेवाईक मला करतज्ज्ञ समजतात. भाच्याला अमेरिकेत शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा मी ताईला छातीठोकपणे सांगितलं, "शिष्यवृत्तीवर कर नसतो!" शिक्षणखर्चासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर आपल्याकडे तो नसतोच.

महिन्याभरात भाच्याचा फोन. "मामा, इथं फी आणि लागणारी पुस्तकं, तेवढेच पैसे करमुक्त. खोलीभाड्याचे नि जेवणाचे करपात्र! त्यातले शेकडा 14 कापलेसुद्धा."

म्हणजे डोकं करमुक्त, पोट करपात्र!

"मग भागवतोस कसं रे?"

"रात्रीचं जेवण सोडलंय."

माझं हसू जागच्या जागी विरलं. ताईला एवढंच म्हणालो, "लाडू जरा जास्तच पाठव."

"त्यांच्यावर नाही ना रे कर?"

या खेपेला मी छाती ठोकली नाही.