चौलच्या बंदरात सापडलेला शब्द

“सर, आपण खरंच बाहेरून आलो का?”

नववीच्या वर्गात एका मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही फळ्यावर वास्को द गामाचे साल लिहीत होतो. खडू हातातच राहिला. मुलगा हुशार, कधी उगाच बोलणारा नाही. चौकशी केली तेव्हा कळले की आदल्या रविवारी क्रिकेटच्या सामन्यात भांडण झाले. समोरच्या संघातला एकजण म्हणाला, “तुम्ही बाहेरचे.” आपल्या या मुलाने छाती काढून उत्तर दिले, “हो, आम्ही अरब आहोत. आमच्या दादांकडे शजरा आहे.” घरी गेल्यावर मात्र त्याला झोप लागली नाही. आपण अरब असू, तर तो मुलगा बोलला ते खरेच नव्हे काय?

त्या दिवशी आम्ही त्याला जे उत्तर दिले ते वेळ मारून नेणारे होते. आपण सगळे भारतीय आहोत, असे म्हणून तास पुढे नेला. ते खोटे नव्हते, पण त्याने विचारले होते ते ते नव्हते. शिक्षकखोलीत आम्ही तिघे शिक्षक चहा पीत बसलो तेव्हा तिघांच्याही मनात तेच होते. अखेर ठरले, की ज्यांनी हयात इतिहासात घालवली त्यांनाच विचारावे, आणि तेही त्या जागेवर जाऊन.

पुण्याच्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले मध्ययुगीन इतिहासाचे प्राध्यापक आमच्या ओळखीचे. त्यांनी फोनवर प्रश्न ऐकून घेतला आणि एवढेच म्हणाले, “मुलांना घेऊन चौलला या. आणि तो शजराही आणा.” जुन्या मातीच्या भांड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधक बाईंनाही त्यांनी बोलावून घेतले.

जानेवारीतल्या एका शनिवारी एकवीस मुले, आम्ही तिघे आणि घावण्यांचे डबे अशी आमची स्वारी अलिबागमार्गे चौलला पोहोचली. आज चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, पाटाचे पाणी, देवळे, मशिदी, अरुंद रस्ता. हे कधी जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक होते, हे सांगितले तर मुले हसतात. आम्हीही आतापर्यंत या गावातून मुरूडला जाताना फक्त शहाळ्यासाठी थांबत आलो होतो.

हमामखान्याच्या पडक्या भिंतींपाशी प्राध्यापकसाहेब वाट पाहत उभे होते. सलाम-दुआ झाली. त्यांनी भाषण सुरू केले नाही, मुलांनाच विचारले, “इथे बंदर होते हे तुम्हाला कसे कळले?”

“तुम्ही सांगितले म्हणून,” एकजण म्हणाला.

“मग मी खोटे बोलत असेन तर?”

सगळे गप्प. साहेब म्हणाले, “बाळांनो, आज दिवसभर एकच प्रश्न विचारायचा. हे कशावरून?”

मग त्यांनी साक्षी मांडायला सुरुवात केली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासग्रंथात कोकण किनाऱ्यावरच्या सेमिल्ला नावाच्या बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमुल हे नाव येते. अरबांनी त्याचेच सैमूर केले, पोर्तुगीजांनी शाऊल. नाव बदलत गेले तरी ओळखू येते, जसे म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यात त्याचे लहानपण ओळखू येते.

तिथून आम्ही खाडीच्या बाजूला गेलो. बाई पुढे, मुले मागे. ओहोटी होती. चिखलात एका मुलीला खापराचा तुकडा दिसला, एका बाजूने निळसर हिरवी चकाकी असलेला. बाईंनी तो उचलू दिला नाही. वाकून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, “अशी झिलई केलेली भांडी इराणी आखाताच्या बाजूने येत. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरांत ती सापडतात. चिनी मातीची भांडीही सापडतात.” पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलमध्ये केलेल्या कामाबद्दलही त्यांनी सांगितले.

एका मुलाने तेवढ्यात दुसरा एक तुकडा खिशात टाकला होता. बाईंच्या नजरेतून तो सुटला नाही. त्या रागावल्या नाहीत. “बेटा, हा तुकडा तुझ्या कपाटात गेला की नुसते खापर. इथे आहे तोपर्यंत तो साक्षीदार आहे. जागा गेली की साक्ष गेली.” मुलाने तुकडा होता तिथेच नेऊन ठेवला.

मग साहेबांनी वाळूत काठीने नकाशा काढायला लावला. बसरा, सिराफ, मस्कत, आणि इकडे चौल. वाऱ्याच्या दिशेने बाण काढले. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, हिवाळ्यात ईशान्येकडून. भूगोलात हे आम्ही दरवर्षी शिकवतो, पण त्यातून साहेबांनी काढलेला प्रश्न कधी सुचला नव्हता. “शिडाचे जहाज वारा फिरल्याशिवाय परत जाऊ शकत नाही. मग व्यापारी इतके महिने काय करील?”

मुलांनी उत्तरे दिली. भाड्याने घर घेईल. वखार बांधील. नमाजसाठी मशीद बांधील. मागच्या रांगेतून एकजण हळूच म्हणाला, “लग्न करील.” सगळे हसले. साहेब हसले नाहीत. “बरोबर. आणि मुले होतील. ती मुले कुठली?”

इथे साहेबांनी पिशवीतून कागद काढला. अबुल हसन अली अल-मसूदी हा बगदादचा इतिहासकार. त्याचा ‘मुरूज-उज्-जहब’ हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, तो स्वतः या सैमूरला आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफचे, काही ओमानचे, काही बसऱ्याचे, काही बगदादचे. ते इथे लग्ने करून स्थायिक झाले. आणि काही ‘बयासिरा’. हा शब्द वाचकाला कळणार नाही हे ओळखून मसूदीने अर्थही दिला आहे: हिंदमध्ये जन्मलेले मुसलमान.

शब्दाच्या उगमाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, अर्थाबद्दल शंका नाही. त्या वेळी हा मुलूख राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता आणि त्यांच्या वतीने झंझ नावाचा शिलाहार राजा इथला कारभार पाहत होता. मुसलमानांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे. मशिदींना संरक्षण होते.

“म्हणजे सर,” तो नववीतला मुलगा म्हणाला, “अकराशे वर्षांपूर्वीच इथे जन्मलेले मुसलमान होते?”

“मसूदीच्या डोळ्यांसमोर होते. आणि त्यांच्यासाठी वेगळा शब्द लागावा इतके होते.”

साहेबांनी आणखी एक साक्ष दिली. पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८चा, म्हणजे इसवी सन ९२६चा, संस्कृत ताम्रपट. त्यात राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाणचा कारभार एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, सोपवल्याची नोंद आहे. त्याचे नाव मधुमती, हे मुहम्मदचे संस्कृत रूप. त्याने नदीवर मोफत नाव चालवली, अन्नछत्र उघडले आणि तिथे भात, कालवण, तूप मिळेल अशी सोय केली. त्याच ताम्रपटात त्याच्या अमलात एका मठाला जमीन दिल्याची नोंद आहे. मसूदीने अरबीत लिहिले, हा ताम्रपट संस्कृतात आहे. दोन वेगळ्या भाषांतले, एकमेकांना न ओळखणारे हे साक्षीदार दहा वर्षांच्या अंतराने जवळजवळ एकच गोष्ट सांगतात.

मुलाचा चेहरा खुलला होता. पण साहेबांनी हात पुढे केला. “आता तुझा शजरा.”

कागदाची घडी उघडली. सुरेख उर्दू अक्षर, पिढ्यांमागून पिढ्या, सर्वांत वर अरबस्तानातले एक नाव. साहेबांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. आम्ही तिघेही श्वास रोखून उभे होतो, कारण असे शजरे आमच्याही घरी आहेत. त्यांनी विचारले, “हा कधी लिहिला?” मुलाने सांगितले, दादांच्या वालिदसाहेबांनी. “त्यांनी कशावरून लिहिला?” ते कोणालाच ठाऊक नव्हते.

“मी याला खोटा म्हणत नाही,” साहेब म्हणाले. “शेवटच्या चार-पाच पिढ्या तर मोलाच्या आहेत, जमिनीच्या कागदांशी, निकाहनाम्यांशी त्या ताडून पाहता येतील. पण वर जावे तसा पुरावा विरळ होतो. आणि यात एक मोठी उणीव आहे. बघ बरे कोणती?”

मुलगा पाहत राहिला. मागून खापर शोधणारी ती मुलगी म्हणाली, “यात एकाही आईचे नाव नाही.”

“शाब्बास! जहाजातून आलेल्याचे नाव आहे. किनाऱ्यावर त्याच्याशी संसार करणारीचे नाही. ती इथलीच असणार. निम्मा शजरा तर या मातीत आहे, पण तो कोणी लिहिलाच नाही.”

आम्हाला कबूल करायला हवे, की हे ऐकून आम्ही वरमलो. ‘तुम्ही बाहेरचे’ हे वाक्य आम्हाला टोचते, पण बाहेरून आल्याचा अभिमानही आम्हीच मुलांना दिला. निकाहाच्या बोलण्यांत खानदान मोजताना आम्ही हाच कागद पुढे करतो.

जोहरची नमाज रेवदंड्याच्या मशिदीत झाली. जेवणानंतर पोर्तुगीज कोटाच्या भिंतीकडे गेलो. कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर दिसत होता. त्याच्या पायथ्याच्या गावात आजही पोर्तुगीजपासून बनलेली बोली बोलतात. मार्च १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या ममलूक सुलतानाचे आरमार, दीवच्या मलिक अयाजच्या मदतीने, पोर्तुगीजांशी लढले आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो दि आल्मेदा मारला गेला. पुढच्याच वर्षी दीवला पोर्तुगीजांनी त्याची भरपाई करून घेतली. मुलांनी विचारले, ही मुसलमान-ख्रिस्ती लढाई होती का? साहेबांनी सांगितले, पोर्तुगीजांविरुद्ध कालिकतचा हिंदू सामुद्रीही होता. मिरी-मसाला तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाला आणि तिथून व्हेनिसला जाई. त्या वाटेवरची जकात कोणाच्या हाती राहणार, हा झगडा होता.

परतताना रशियन व्यापारी अफानासी निकितीनचा स्मृतिस्तंभ पाहिला. १४६९च्या सुमारास तो विकायला एक घोडा घेऊन चौलला उतरला होता. जुन्नरला तो घोडा सुभेदाराने अडकवून ठेवला आणि धर्म बदलण्याची अट घातली. निकितीनला पुष्कळ मनस्ताप झाला, पुढे घोडा परत मिळाला. साहेबांनी ही गोष्टही लपवली नाही. “आपल्याला आवडणारे तेवढेच सांगायचे असेल तर इतिहासाची गरज काय?” याच निकितीनच्या प्रवासवर्णनाच्या शेवटी अरबी शब्दांतली दुआ आहे, हेही त्यांनी सांगितले.

एसटीत तो मुलगा आमच्या शेजारी बसला. आता मैदानात कोणी बोलले तर काय म्हणशील, असे विचारले. थोडा विचार करून म्हणाला, “आधी विचारीन, हे कशावरून.” मग जरा थांबून म्हणाला, “घरी गेल्यावर दादीला तिच्या आईचे नाव विचारणार आहे.”

सोमवारी त्याने वहीत सात स्त्रियांची नावे लिहून आणली. चौलची दोन, पनवेलचे एक, बाकीची आसपासच्या गावांची. पुढे दादीला आठवत नव्हते.

वाचकहो, आपल्या घरातही जुने निकाहनामे, खरेदीखते, पत्रे असतील. त्यांना लॅमिनेशन करू नका, त्याने कागद कायमचा बिघडतो. स्वच्छ सुती कापडात कोरड्या जागी ठेवा, मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवा. आणि घरातल्या वयस्क स्त्रियांपाशी बसून त्यांच्या आई-आजीची नावे व गावे लिहून घ्या. हे काम पुढच्या वर्षीवर ढकलू नका. आमच्या वर्गातल्या एकवीसपैकी चार मुलांना विचारायला आता दादीही नाही आणि नानीही नाही.