वर्गातले व्रत

विवाह आणि खासगी मालमत्ता यांचा त्याग करून एखाद्या धर्मसंघाच्या नियमाखाली सामूहिक जीवन जगणाऱ्या कॅथलिक स्त्रियांना धर्मभगिनी किंवा रूढ भाषेत सिस्टर म्हणतात. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात कॅथलिक समाजाची बाहेरच्या लोकांना होणारी ओळख बहुधा हरेगावच्या मतमाउलीच्या सप्टेंबरातील यात्रेपुरती असते. या समाजाचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, धर्मगुरूंच्या कार्यामुळे घडला आणि तो मुख्यतः खेड्यांतील पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य कुटुंबांचा आहे, ही बाब यात्रेच्या गर्दीत सहसा ध्यानात येत नाही. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या अधिकाराखालचा प्रदेश. हा जिल्हा आधी १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात होता आणि १९८७ पासून तो नाशिक धर्मप्रांतात आहे. अशा समाजात शाळेला जे मोल असते ते समजल्याखेरीज, शिकवण्यासाठी संसार सोडणाऱ्या स्त्रीच्या आयुष्याचा अर्थ पुरता लागत नाही.

हे आयुष्य टप्प्याटप्प्याने घडते. संघात येणाऱ्या तरुणीला किमान बारा महिन्यांची साधनाकाळाची उमेदवारी करावी लागते. या उमेदवारीला नोव्हिशिएट म्हणतात. त्यानंतर ती ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते आधी काही वर्षांच्या मुदतीने आणि नंतर कायमची घेते. दारिद्र्यव्रताचा अर्थ केवळ साधी राहणी एवढाच नाही, कारण धर्मसभेच्या, म्हणजे चर्चच्या, नियमानुसार भगिनीने श्रमाने मिळवलेले सारे तिच्या संघाचे होते. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा पगार सरकारी नियमाने तिच्या नावे निघतो, पण तिच्या हाती राहत नाही. या पगारातून प्राप्तिकर कापावा की नाही, हा वाद तमिळनाडू आणि केरळातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने कपात योग्य ठरवली. कायद्याच्या दृष्टीने ते समजण्याजोगे आहे; तरीही आपल्या कमाईवर आपला हक्क नाही असे स्वेच्छेने ठरवणारी व्यक्ती राज्याच्या कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही, हेही त्या खटल्यातून दिसले.

मुलांना शिकवण्याची मोकळीक या स्त्रियांना सहज मिळालेली नाही. १५३५ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे आंजेला मेरिची यांनी स्थापन केलेला अर्सुलाइन संघ मुलींच्या शिक्षणाकडे वळला. पण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात धर्मसभेने व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या भिंतीआडच राहावे असा आग्रह धरला आणि त्या बंधनाला न जुमानणारी मेरी वॉर्ड या इंग्रज स्त्रीची संस्था १६३१ मध्ये पोपनी बरखास्त केली. भिंतीबाहेर राहून शिकवणाऱ्या संघांना पूर्ण धर्मजीवनाची मान्यता मिळायला १९०० साल उजाडावे लागले. त्याआधीच असे संघ हिंदुस्थानात पोहोचले होते. बेल्जियममधील ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’च्या भगिनी १८६२ मध्ये त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील कराचीत आल्या.

त्याच १८६२ मध्ये नगरमध्ये सिंथिया फरार यांचे निधन झाले. त्या कॅथलिक नव्हत्या आणि धर्मभगिनीही नव्हत्या. प्रॉटेस्टंट परंपरेतील अमेरिकन मिशनच्या त्या अविवाहित शिक्षिका होत्या. १८२७ मध्ये मुंबईला येऊन मुलींच्या शाळा चालवल्यावर प्रकृतीसाठी त्या मायदेशी गेल्या आणि १८३९ मध्ये नगरला आल्या, त्या अखेरपर्यंत नगरच्याच राहिल्या. कोणतेही व्रत नसताना एका गावाला वाहिलेली ही तेवीस वर्षे जिल्ह्याच्या शिक्षणेतिहासात फार मोलाची आहेत. त्यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या, त्या पाहून आपल्याला समाधान वाटल्याचे त्यांनीच पुढे सांगितले, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाईंनी फरारबाईंच्या नगरच्या संस्थेत अध्यापनाचे प्रशिक्षण घेतल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. फरारबाईंच्या कामाचा वारसा अशा रीतीने त्यांच्या धर्माबाहेर, त्यांच्या शाळांबाहेर गेला आणि तेथे तो कितीतरी पट वाढला.

फरारबाई आणि धर्मभगिनी यांच्यातील खरा फरक आज्ञापालनाच्या व्रतात आहे, आणि शिक्षिकेसाठी तीन व्रतांत हेच सर्वांत कठीण मानायला हवे. पगार संघाला देणे एकदा ठरले की अंगवळणी पडते. पण मुलांच्या एका तुकडीत जीव गुंतलेला असताना वरिष्ठांचे पत्र येते आणि दुसऱ्या जिल्ह्यातील, कधी दुसऱ्या राज्यातील शाळेत रुजू व्हावे लागते. असे आयुष्यात अनेकदा घडते. बदलीमागे विचार आहे: शाळा एका व्यक्तीच्या प्रभावाची होऊ नये, शिक्षिकेने मुलांवर मालकी सांगू नये आणि एक गेली तरी काम थांबू नये. संघाची शाळा या शिस्तीवरच पिढ्यानपिढ्या टिकते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही या शिस्तीची किंमत सिस्टरबरोबर मुलांनाही द्यावी लागते, आणि सर्वांत दुबळ्या मुलांना ती सर्वांत जड जाते.

पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजुरांची कुटुंबे कोयते घेऊन निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आईबापांबरोबर गेलेल्या मुलाचे शाळेचे निम्मे वर्ष फडावर जाते आणि थोरल्या मुलीला तर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी नेलेच जाते. गावोगावच्या बोर्डिंगचे, म्हणजे वसतिगृहाचे, महत्त्व येथे कळते. जेवणखाण, आजारपण, रात्रीचा अभ्यास आणि मुलीला हंगामात नेऊ नका म्हणून आईबापांची समजूत घालणे ही कामे शाळेच्या वेळापत्रकात कोठेच नसतात. स्वतःचा संसार नसलेल्या शिक्षिकेच्या ब्रह्मचर्याला येथे रोजचे, व्यावहारिक रूप येते. अशा मुलीचे आईबाप वर्षातले पाच-सहा महिने दूर असतात, म्हणून तिच्याजवळ राहणाऱ्या प्रौढ व्यक्तीचे सातत्य तिला पुस्तकांइतकेच गरजेचे असते. ज्या संघांच्या भगिनी वसतिगृहे सांभाळतात, त्यांनी निदान पाचवीत आलेल्या मुलींची तुकडी दहावीची परीक्षा देईपर्यंत तिला सांभाळणाऱ्या सिस्टरची बदली करू नये. एवढी सवड आज्ञापालनाच्या व्रताला देता येते, कारण आज्ञा देणाऱ्या वरिष्ठाही बहुधा कधीकाळी शिक्षिकाच असतात.