तीन खिंडी आणि एक डोकेदुखी

घाटरस्त्यांची ओढ आम्हा वाईकरांना लहानपणापासूनच असते. वडिलांच्या प्रीमिअर पद्मिनीतून पसरणीचा घाट चढताना त्यांनी एक धडा दिला होता : ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ब्रेकवर फार विसंबू नये. हा धडा गेल्या सप्टेंबरात मला स्वित्झर्लंडच्या आल्प्स पर्वतात, पन्नाशी उलटलेल्या एका मोटारीत बसून पुन्हा गिरवायला मिळाला. त्याच प्रवासात आणखी एक धडा मिळाला. तो माझ्या वैद्यकीय ज्ञानाच्या अहंकाराला धक्का देणारा होता. आज सांगायचे आहे ते मुख्यतः त्याविषयी.

माझा आतेभाऊ अडतीस वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो. व्यवसायाने अभियंता, आता निवृत्त. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे 1971 सालची हिरवी एमजीबी आहे : दोन आसनांची, कापडी टपाची, 1798 सीसीच्या इंजिनाची छोटी स्पोर्ट्स कार. अशाच जुन्या गाड्या जपणाऱ्या स्नेह्यांसह तो दरवर्षी युरोपात भटकंतीला जातो. या खेपेस वहिनींची कंबर धरली होती, आणि दादाला दोनच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवलेला. वहिनींनी फोन करून मला गळच घातली, "वन्सं, तुम्ही शेजारी बसलात तर मला घोर राहणार नाही. डॉक्टर बरोबर असला म्हणजे कशाची भीती?" या वाक्याची आठवण पुढे मला अनेकदा झाली.

आठ गाड्या, सोळा माणसे

आमच्या ताफ्यात आठ गाड्या होत्या. एक जॅग्वार ई-टाइप, दोन ट्रायम्फ, एक ऑस्टिन-हीली, एक अल्फा रोमिओ, एक जुनी पोर्शे आणि दादाच्या गाडीसह दोन एमजीबी. बहुतेक सारे प्रवासी साठीच्या आसपासचे. फोकस्टनला गाड्या रेल्वेच्या डब्यात चढवायच्या आणि पस्तीस मिनिटांत समुद्राखालून फ्रान्समध्ये उतरायचे. पहिला मुक्काम रॅंस शहरी. शहराबाहेर गावागावांतून जाणाऱ्या साध्या रस्त्यावर एके काळी मोटारींच्या शर्यती होत. 1966 नंतर तेथे फ्रेंच ग्रां प्री झाली नाही, पण प्रेक्षकांचे सज्जे आणि जुन्या जाहिरातींच्या रंगवलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. शेतांच्या मधोमध ते रिकामे सज्जे पाहताना आपल्याकडच्या ओस पडलेल्या जत्रेच्या माळाची आठवण झाली.

जुन्या उघड्या गाडीतून प्रवास करणे म्हणजे हवेत बसून प्रवास करणे. डिझेलचा, गवताचा, ओल्या मातीचा वास थेट नाकाशी येतो. आसन जमिनीपासून वीतभर उंच, पाय सरळ पुढे ताणलेले. आरोग्याच्या दृष्टीने मी काही नियम घालून दिले होते आणि सर्वांनी ते आनंदाने पाळले. दर दोन तासांनी थांबून दहा मिनिटे चालायचे, म्हणजे पोटऱ्यांतील रक्त साकळत नाही. पाणी तहान लागण्याआधी प्यायचे. टप उघडा असताना डोक्यावर टोपी आणि कानांत बोळे घालायचे. वाऱ्याचा दिवसभराचा घोंघाट कानांना थकवतो. औषधे सामानाच्या डिकीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवायची. गोळ्यांची यादी, ईसीजीची प्रत आणि विम्याचे कागद तिथेच. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच; तो कटकट मानू नका, त्याचे मोल मला पुढे कळले.

मायरिंगेनची सकाळ

तिसऱ्या रात्री आम्ही मायरिंगेन या गावी पोहोचलो. गावाजवळच रायशेनबाखचा धबधबा आहे. आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सला मृत्यूच्या तोंडी नेले ते याच कड्यावर. डॉइल स्वतः डॉक्टर होते. दिसते ते पाहावे, पण त्याचा अर्थ लावताना घाई करू नये, ही होम्सची शिकवण म्हणजे निदानशास्त्राचीच शिकवण. गावातले होम्सचे छोटे संग्रहालय मी कौतुकाने पाहिले. दुसऱ्या दिवशी मात्र मी त्या गोष्टीतल्या डॉक्टर वॉटसनपेक्षाही मंद ठरले.

त्या दिवशीचा बेत होता तीन खिंडींच्या फेरीचा : ग्रिमझेल, फुर्का आणि सुस्टेन. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. पण सहाशे मीटरवरून निघून तीन वेळा दोन हजारांच्या वर चढायचे. सकाळी पाऊस लागला आणि थंडी पडली. प्रवासात प्रथमच दादाने कापडी टप ओढून घेतला, काचा वर केल्या, हीटर लावला. आतून गाडी एकदम उबदार, घरासारखी वाटू लागली.

ग्रिमझेलचा रस्ता काळ्याकरड्या ग्रॅनाइटच्या उघड्या पाठींवरून धरणांच्या तलावांना वळसे घालत चढतो. माथा 2164 मीटरवर. तेथे टोटेनझे नावाचे लहानसे सरोवर आहे. नावाचा अर्थ 'मृतांचे सरोवर'. 1799 च्या लढाईतील सैनिकांशी त्याची कथा जोडलेली आहे. खाली उतरून गाडी पुन्हा फुर्काकडे वळली, तेव्हा दादा म्हणाला, "डोकं जरा जड झालंय गं." माझेही कपाळ ठणकत होते. मी म्हटले, "उंची आहे रे दादा, आणि सकाळी चहाही नीट झाला नाही."

फुर्काच्या चढावर ढग क्षणभर फाटले आणि ऱ्होन हिमनदी दिसली. कड्यावरच्या वळणात काही वर्षांपासून बंद पडलेले बेल्वेदेअर हॉटेल उभे आहे. एके काळी बर्फ त्याच्या दाराशी होते, असे जुनी छायाचित्रे सांगतात. आता ते मागे सरून वर गेले आहे, आणि त्यात कोरलेल्या गुहेवर उन्हाळ्यात पांढरी जाड कापडे पांघरतात. तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या अंगावर ओली चादर घालावी तसे ते दृश्य. याच वळणांवर 1964 च्या 'गोल्डफिंगर' चित्रपटासाठी जेम्स बाँडची अॅस्टन मार्टिन धावली होती. सारे उतरून छायाचित्रे काढू लागले. दादा गाडीला टेकून उभा राहिला. त्याला मळमळत होते.

स्टेंट बसवलेला चौसष्ट वर्षांचा माणूस, 2429 मीटर उंची, डोकेदुखी आणि मळमळ. मी लगेच रक्तदाब पाहिला : 148/90. नाडी थोडी जलद. बोटाला ऑक्सिमीटर लावला : 96 टक्के. छातीत दुखत नव्हते, घाम नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला, त्याला पॅरासिटामॉलची गोळी दिली आणि स्वतःही एक घेतली. त्या क्षणी मी प्रश्न विचारणे थांबवले. चूक तिथे झाली.

उताराने उत्तर दिले

अँडरमॅट गावी दीड तास जेवण झाले. गरम सूप, पाव, चीज. दोघांनाही बरे वाटू लागले. पुढचा रस्ता शॉलेनेनच्या घळीतून खाली उतरतो. तेथील सैतानाच्या पुलाची दंतकथा गमतीची आहे : पूल बांधून देण्याच्या मोबदल्यात सैतानाने पुलावरून प्रथम जाईल तो जीव मागितला आणि गावकऱ्यांनी एक बोकड पुढे पाठवला. त्या दिवशी घळीत रस्त्याचे काम चालू होते. तात्पुरत्या सिग्नलपाशी गाड्यांची रांग लागली. पाऊस कोसळत होता. इंजिन चालू, काचा बंद, समोर जीप, मागे पिवळी टपालबस.

वीस मिनिटांत माझे डोके पुन्हा ठणकू लागले, या वेळी अधिक जोरात. दादा गप्प झाला होता. सिग्नल हिरवा झाला तरी त्याने गाडी हलवली नाही. मागच्या बसने भोंगा दिला तेव्हा तो दचकला. पुढच्या वळणावर गाडी मध्यरेषा ओलांडून गेली आणि समोरून येणाऱ्या ट्रकने दिवे चमकावले.

तेव्हा मला लख्ख जाणीव झाली. आम्ही खाली उतरत होतो. उंची कमी होत असताना डोकेदुखी वाढत होती. मुळात उंचीचा आजार साधारणतः 2500 मीटरच्या पुढे आणि तेथे पोहोचल्यावर काही तासांनी जाणवतो. ग्रिमझेलच्या माथ्यावर अर्ध्या तासात नव्हे. बाकीच्या सात गाड्यांतील चौदा माणसे ठणठणीत होती. दुखत होते ते एकाच गाडीतल्या दोघांचे, गाडीतून उतरल्यावर कमी होत होते आणि गाडीत बसल्यावर वाढत होते.

"दादा, गाडी बाजूला घे. आत्ताच्या आत्ता. इंजिन बंद कर आणि बाहेर ये."

"अगं, पाऊस..."

"भिजलास तरी चालेल. उतर!"

वासेन गावाच्या अलीकडे आम्ही दोघे पावसात उभे राहिलो. 144 हा तेथील रुग्णवाहिकेचा क्रमांक. रुग्णवाहिका येईपर्यंत ताफ्यातील एका निवृत्त मेकॅनिकने गाडीखाली वाकून पाहिले. एक्झॉस्ट पाइपचा सांधा सुटला होता, भोवती काजळी धरली होती. आणि गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटून आत वाट झाली होती. फ्रान्समध्ये टप उघडा असल्याने वारा सारे उडवून नेत होता. त्या दिवशी आम्ही ऊब राहावी म्हणून स्वतःला विषाबरोबर कोंडून घेतले होते.

रुग्णालयात रक्ताच्या विशेष तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आढळला. दादाला काही तास मास्कने ऑक्सिजन दिला, ईसीजी आणि हृदयाच्या तपासण्या पुन्हा पुन्हा केल्या. सुदैवाने हृदयाला इजा झाली नव्हती. रात्री वहिनींना फोन करताना माझा आवाज कापत होता. मी त्यांना खरे ते सांगितले : "डॉक्टर बरोबर होता, पण दुपारपर्यंत झोपलेला होता."

हा वायू फसवतो कसा

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. इंधन अपुऱ्या हवेत जळाले की तो तयार होतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे रक्त फिरत राहते, पण पेशींना प्राणवायू पुरत नाही. मेंदू आणि हृदय यांना त्याची झळ आधी लागते, आणि हृदयविकार असलेल्याला तर थोडी मात्राही महागात पडू शकते. साध्या हवेत त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात; शुद्ध ऑक्सिजनवर सुमारे तास-दीड तास. म्हणूनच जेवणानंतर आम्हाला बरे वाटले तरी शरीर मोकळे झाले नव्हते, आणि उरलेल्यात नवी भर पडताच लक्षणे वेगाने उसळली.

आणि तो 96 चा आकडा? ऑक्सिमीटर प्रकाशाच्या साहाय्याने हिमोग्लोबिन ओळखतो. ऑक्सिजन वाहणारे आणि हा वायू वाहणारे हिमोग्लोबिन त्याला जवळजवळ सारखेच दिसते. कोविडनंतर घराघरांत पोहोचलेले हे छोटे यंत्र या विषबाधेत खोटा दिलासा देते. मलाही तो दिला.

आपल्याकडे आल्प्सच्या खिंडी नसतील, पण बंद स्नानगृहातला गॅस गीझर आहे. हिवाळ्यात दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत चालणारा जनरेटर आहे. एसी लावून, इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत झोपणारे चालक आहेत. म्हणून एवढे कृपया मनात ठेवा :

- एकाच घरातील वा गाडीतील दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर, मळमळ वा गुंगी आली, तर आधी हवेचा संशय घ्या.
- बाहेर गेल्यावर बरे आणि आत आल्यावर पुन्हा त्रास, ही मोठी खूण आहे.
- प्रथम सर्वांनी उघड्यावर या, जमल्यास इंजिन वा गॅस बंद करा, मग 108 किंवा 112 ला फोन करा. बेशुद्ध माणसाला काढण्यासाठी आत जायचे झाल्यास आधी दारेखिडक्या उघडा, श्वास रोखा आणि आत रेंगाळू नका.
- ऑक्सिमीटरचा आकडा चांगला असला तरी रुग्णालयात जा आणि संशय स्पष्ट शब्दांत सांगा.
- गॅस गीझर स्नानगृहाच्या आत नको. त्याचा धूर नळीने बाहेर जायला हवा.
- गाडीच्या सायलेन्सरचा आवाज बदलला तर दुरुस्ती पुढे ढकलू नका. जुन्या गाड्यांना तर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही नसतो.

उरलेली खिंड

ताफा आमच्यासाठी थांबला. दोन दिवसांत सांध्याचे गॅस्केट आणि गिअरचे रबर बदलून झाले. गाडीत एक लहानसा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आला. डॉक्टरांनी दादाला विश्रांती सांगितली होती, म्हणून चाके मेकॅनिक काकांच्या हाती होती आणि दादा शेजारच्या आसनावर. मी मागून ऑस्टिन-हीलीत. लख्ख उन्हात, टप उघडून आम्ही राहिलेली सुस्टेन खिंड चढलो. 1946 साली खुला झालेला हा रस्ता 2224 मीटरपर्यंत जातो. माथ्यावर दादाने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "आज उंची लागत नाही, नाही का गं, डॉक्टरीणबाई?" मी हसले खरी, पण ते शब्द मला लागले, आणि लागायलाच हवे होते.

परतल्यापासून माझ्या दवाखान्यात डोकेदुखीचा रुग्ण आला की मी रक्तदाब पाहण्याआधी एक प्रश्न विचारते : "घरात आणखी कोणाचं डोकं दुखतंय का?" बहुतेकदा उत्तर 'नाही' असेच येते. तरी मी विचारतेच. आपणही आपल्या घरात तो विचारत जा.