तिसरी टेकडी

गेल्या मार्गशीर्षात मी एक संपूर्ण दिवस घराबाहेर काढला. ज्यांच्या घरी दीर्घकाळचे आजारपण आहे, त्यांना या साध्या वाक्याचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

पत्नीला पक्षाघाताचा झटका येऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. उजवा हात आणि उजवा पाय दुबळा झाला आहे. बोललेले सारे कळते, पण स्वतः बोलताना शब्द शोधावा लागतो. मी निवृत्त शिक्षक, वय ६९. उभा जन्म हजेरी घेण्यात गेल्यामुळे तिच्या व्यायामाचीही मी वही घातली होती. पडवीतला कठडा धरून तिने किती पावले टाकली, हे त्या वहीत रोज लिहीत असे. काल पंचवीस आणि आज अठराच, असे झाले की माझा आवाज चढे. "तू मनापासून करतच नाहीस," असे मी म्हणे. त्यावर ती काही न बोलता भिंतीकडे तोंड करून बसे. पक्षाघातानंतर येणारा थकवा हा आजाराचाच भाग असतो, तो नेहमीच्या दमण्यासारखा नसतो, असे फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंनी मला दोनदा समजावून सांगितले होते. मी ते ऐकले होते, स्वीकारले नव्हते.

मुलगी आठ दिवसांसाठी माहेरी आली, तेव्हा पत्नीनेच तुटक शब्दांत सुचवले, "अहो, जा एकदा. तोरणमाळ. मोत्यालाही न्या." मोत्या हा आमचा अकरा वर्षांचा गावठी कुत्रा. शाळेच्या आवारात थंडीने कुडकुडणारे पिल्लू मी घरी आणले आणि तो झाला मात्र तिचा. तिच्या आजारपणापासून तोही तिच्या पलंगाखाली मुक्काम ठोकून होता. माझा पाय निघेना. आपण नसताना काही झाले तर, ही भीती एक. आणि ती इथे अंथरुणावर असताना आपण डोंगर हिंडायचे, याची लाज दुसरी. अखेर मुलीने माझी पिशवी भरली. आदल्या दिवशी पशुवैद्यांना विचारले. सकाळच्या गारव्यात, थांबत थांबत, पाच-सहा किलोमीटर चालायला हरकत नाही, असे ते म्हणाले. 'थांबत थांबत' हे शब्द मी पुढे सोयीस्करपणे विसरलो.

शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ओळखीच्या एकाच्या जीपने पहाटे निघालो. सातपायरी घाटाची वळणे संपून जीप पठारावर आली, तेव्हा यशवंत तलावावर धुके होते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवरचे हे सातपुड्यातले ठाणे. तोरणाच्या झुडपांवरून त्याला नाव पडले, असे सांगतात. महाशिवरात्रीला गोरक्षनाथांच्या यात्रेसाठी इथे माणसांचा पूर लोटतो. त्या सकाळी मात्र देवळाच्या बाजूला शांतता होती. वाट दाखवायला एक पावरा गृहस्थ बरोबर घेतले. वय माझ्याच आसपासचे, पण पाय तरुणाचे. त्यांनी पहिलीच सूचना केली, "गुरुजी, कुत्रा सोडू नका. जंगलात बिबट्या आहे आणि वाटेत लोकांच्या शेळ्या." मोत्याची साखळी मी मनगटाला अडकवली.

एकमेकींना लागून असलेल्या तीन टेकड्या चालून तलावाकडे परतायचे, असा बेत होता. पहिली टेकडी सहज सरली. दवाने ओले झालेले गवत, सागाची मोठाली पाने, मधूनच काळ्या कातळाचा उघडा पाठीवा. मोत्या प्रत्येक झुडपाची चौकशी करत चालला होता. कित्येक महिन्यांत त्याचे शेपूट असे उभे पाहिले नव्हते. माझाही श्वास मोकळा झाला. घरी चालणे म्हणजे औषधाच्या दुकानापर्यंत जाणे आणि धावत परतणे. इथे माझ्या पावलांची वाट पाहणारे कोणी नव्हते.

दुसऱ्या टेकडीच्या माथ्यावर आम्ही न्याहारीला बसलो. मुलीने दिलेल्या दशम्या आणि त्यांच्या फडक्यातली मक्याची भाकर, अशी देवाणघेवाण झाली. एका अंगाला सीताखाईची खोल दरी, पलीकडे रांगांमागे रांगा. या डोंगरांचे दक्षिणेकडचे पाणी तापीला मिळते आणि उत्तरेकडचे नर्मदेला. पश्चिमेकडे हात करून ते म्हणाले, "तिकडे अस्तंभा." धुरकट हवेत शिखर काही दिसले नाही. दिवाळीच्या सुमारास लोक तिथे अश्वत्थाम्याच्या दर्शनाला चढून जातात. त्याच्या कपाळीची जखम कधीच भरून येत नाही आणि तिच्यासाठी तो वाटसरूंकडे तेल मागत फिरतो, ही कथा आमच्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असते. मी ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. त्या दिवशी मात्र मला पत्नीचा आखडलेला उजवा तळहात आठवला. रोज रात्री मी त्याला तेल लावतो. कथेत तेल देणाऱ्याला कोणी विचारत नाही, की जखम किती भरली. मी मात्र रोज तेच विचारत होतो.

साडेदहा वाजून गेले होते. ऊन कातळावर उतरू लागले. तिसरी टेकडी समोर दिसत होती. जेमतेम अर्ध्या तासाची चढण. खिंडीत उतरून चार पावले चढलो आणि मोत्या बसला. जीभ बाहेर, पोट भात्यासारखे हलणारे. मी साखळीला हिसका दिला. तो उठला, दहा पावले आला आणि पुन्हा बसला. "चल, ऊठ! एवढेसे तर राहिले आहे," मी ओरडलो आणि साखळी ओढली. त्याने पुढचे पाय रोवले आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत हट्ट नव्हता. मग त्याने हळूच तोंड दुसरीकडे वळवले.

हे तोंड वळवणे मी ओळखत होतो. माझा आवाजही मी ओळखला. पडवीत रोज सकाळी हाच आवाज असतो.

वाटाड्ये मागून आले. त्यांनी माझ्या हातून साखळी घेतली, ती ढिली सोडली आणि म्हणाले, "जनावर बसले की बसू द्यावे, गुरुजी. ते आळसाने बसत नाही." एवढेच बोलून ते एका झाडाच्या सावलीत टेकले. मी झाकणात पाणी ओतून मोत्यापुढे धरले, ओल्या पंचाने त्याचे पंजे पुसले. त्याच्या तळव्यांखालचा कातळ मी हाताने चाचपला, तेव्हा चटका बसला. माझ्या पायांत बूट होते. आम्ही तिघेही अर्धा-पाऊण तास तिथे बसून होतो. तिसरी टेकडी समोरच होती. तिथूनच आम्ही माघारी वळलो.

उतरताना माझी परीक्षा झाली. चढण दमवते आणि उतार गुडघे दुखवतो, हे मी वाचले होते. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला शरीराचा भार ब्रेकसारखा रोखून धरावा लागतो. अर्ध्या वाटेवर माझे पाय लटपटू लागले. तेव्हा साखळी हाती असलेले ते दोघे पुढे जाऊन थांबत, मागे वळून माझी वाट पाहत. कोणीही मला "चला" म्हटले नाही. एका दगडावर टेकलो असताना मोत्या परत आला आणि माझ्या गुडघ्याला टेकून बसला.

ज्येष्ठ वाचकांसाठी काही गोष्टी इथेच नोंदवतो. रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असल्यास अशा चालण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सकाळच्या गोळ्या आणि खाणे यांच्या वेळा चुकवू नयेत. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे, कारण वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. मात्र डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. उतरताना काठी आधी टेकवून लहान पावले टाकावीत आणि शक्य तिथे तिरपे चालावे. पाय लटपटले तर ताकद उरलेली असतानाच बसावे. कुत्रा बरोबर असेल तर लक्षात ठेवावे, की त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. म्हणून त्याच्या वाटणीचे पाणी वेगळे घ्यावे, उन्हाआधी परतावे आणि घरी आल्यावर गोचिडांसाठी त्याचे अंग तपासावे. रेबीजची लस वेळेवर दिलेली असावी, हे सांगायला नकोच.

संध्याकाळी घरी पोहोचलो, तेव्हा पत्नी खुर्चीत बसून वाट पाहत होती. मोत्या तिच्या पायाशी जाऊन लवंडला. "किती... टेकड्या?" तिने विचारले.

"दोन. तिसरी राहिली."

"का?"

"तो दमला. मग मीही दमलो."

ती हसली आणि डाव्या हाताने मोत्याचे डोके थोपटत राहिली. त्या रात्री तेल लावताना मी तिला म्हणालो, "तू दमलीस की मला सांगत जा. मी ओरडणार नाही." ती बराच वेळ शब्द शोधत होती. मग म्हणाली, "सांगत... होते."

ती वही अजून चालू आहे. पावलांच्या रकान्याशेजारी मी दुसरा रकाना आखला आहे: कितीदा विसावा घेतला. कठड्याजवळ एक खुर्ची कायमची ठेवली आहे. तिची प्रकृती एकदम सुधारली असे मी सांगणार नाही. काही दिवशी पावले वाढतात, काही दिवशी घटतात. माझा आवाजही अधूनमधून चढतो. तेव्हा पलंगाखालून मोत्या मान वर करून पाहतो आणि मी खुर्ची पुढे सरकवतो.